इब्ने बतूता : तंजाहून निघालेला मुसाफिर आणि आपलं दौलताबाद

परीक्षा संपल्या की हल्ली आपल्या घरांतूनही एक नवी मागणी ऐकू येते. पोरं म्हणतात, पाठीवर एक बॅग टाकतो आणि दोस्तांबरोबर तुर्कस्तान बघून येतो, नाहीतर उझबेकिस्तान, नाहीतर व्हिएतनाम. स्वस्तात राहू, मिळेल ते खाऊ, शहरं बघू, मशिदी-मंदिरं बघू, लोक कसे जगतात ते बघू. अब्बांच्या कपाळावर आठी पडते, अम्मी रात्रभर जागी राहते. नोकरीसाठी सौदी किंवा दुबईला गेलेला मुलगा समजू शकतो, पण नुसतं बघायला म्हणून जायचं, हे आपल्या मोठ्यांच्या पचनी पडत नाही.

म्हणून आम्ही आज एका अशा तरुणाची हकीकत सांगणार आहोत, जो सातशे वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात घरातून एकटाच निघाला आणि फिरत फिरत थेट आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) उंबरठ्यावर, दौलताबादेत येऊन पोहोचला. नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद. जग त्यांना इब्ने बतूता म्हणून ओळखतं.

त्यांचा जन्म फेब्रुवारी १३०४ मध्ये मोरोक्कोतल्या तंजा शहरात झाला. आजच्या नकाशावर टँजियर. समुद्राच्या पलीकडे स्पेन दिसतो, इतकं ते टोकाला आहे. घराणं बर्बर वंशाचं, आणि घरात काझीपद चालत आलेलं. म्हणजे मुलगा शिकणार, मालिकी फिकह वाचणार आणि कुठेतरी काझी म्हणून बसणार, हे ठरलेलंच होतं. पण १४ जून १३२५ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हे साहेब हजच्या नियतीने घरातून निघाले. सोबत कुणी नाही, काफिला नाही. आई-वडील दोघेही हयात होते आणि त्यांना सोडून जाणं जिवावर आलं होतं, हे त्यांनी म्हातारपणी स्वतःच सांगून ठेवलं आहे. हज करून दीड-दोन वर्षांत परत येणार, असंच घरच्यांना वाटलं असेल. परतायला चोवीस वर्षं लागली.

सुरुवातीचा सफर काही शानदार नव्हता. अल्जीरियातल्या बिजाया गावी ताप भरला. सोबतच्या लोकांनी सांगितलं, थांबा, बरे व्हा, मग या. त्यांनी ऐकलं नाही. मरायचंच असेल तर हजच्या वाटेवर मरू, असा हट्ट. पुढे अशक्तपणा इतका वाढला की जिनावरून पडू नये म्हणून पगडीच्या कापडाने स्वतःला बांधून घेतलं. तसेच ट्यूनिसला पोहोचले. काफिल्यातल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी घ्यायला आलेलं, गळाभेटी चाललेल्या, आणि या पोराला सलाम करायलाही कुणी नाही. भर रस्त्यात रडू फुटलं. ते बघून एक हाजी जवळ आला, गप्पा मारत मारत त्यांना शहरात घेऊन गेला. आमच्या मते या माणसाच्या आयुष्यातला हा प्रसंग चीनच्या आणि सुलतानांच्या कहाण्यांपेक्षा जास्त खरा आहे. परमुलखात पहिल्या दिवशी काय वाटतं, हे वसतिगृहात राहिलेल्या कुठल्याही मुला-मुलीला विचारा.

त्यांचं गणित त्याच रस्त्यावर बदललं. ट्यूनिसहून निघालेल्या काफिल्याचे ते काझी झाले. वाटेत लग्न केलं, सासऱ्याशी बिनसलं, तलाक झाला, पुन्हा दुसरं लग्न केलं. अलेक्झांड्रियात एका बुजुर्गांनी त्यांच्या मनातली हौस ओळखली आणि हिंदुस्थान, सिंध आणि चीनमधल्या आपल्या भावांना माझा सलाम सांग, असं सुचवलं. तोवर त्यांच्या डोक्यात चीन-बिन काही नव्हतं. ती ठिणगी तिथे पडली.

१३२६ मध्ये पहिला हज झाला. इतर हाजी घराकडे वळले, हे इराककडे. मग इराण, पुन्हा मक्का, यमन, पूर्व आफ्रिकेतलं मोगादिशू आणि किल्वा, मग अनातोलिया, क्रिमिया, कॉन्स्टँटिनोपल, व्होल्गाकाठचा बर्फ, बुखारा, समरकंद. शक्यतो एका रस्त्याने दोनदा जायचं नाही, हा त्यांचा नियम. पैसा कुठून आला, असा प्रश्न आपल्याकडचे अब्बा आधी विचारतील. उत्तर सोपं आहे. त्या काळी इल्म हाच पासपोर्ट होता. अरबी येणारा, फिकह जाणणारा माणूस जाईल तिथल्या मदरशात, खानकाहत पाहुणा म्हणून राहू शकत होता. अनातोलियात तर कारागीर तरुणांच्या जमाती होत्या. दिवसभर कमावलेलं संध्याकाळी एकत्र करायचं आणि मुसाफिरांना जेवू घालायचं. दोन जमातींत पाहुणा कुणाचा यावरून भांडण लागलं, भाषा कळत नसल्याने इब्ने बतूतांना वाटलं, हे लुटारू आहेत!

कॉन्स्टँटिनोपलमधली एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. आयासोफिया तेव्हा चर्च होतं. आत जायचं तर तिथल्या क्रॉसपुढे झुकावं लागे. ते आत गेले नाहीत. पण बाहेरून हिंडून सगळं पाहिलं, विचारलं, आणि पुढे लिहवून घेतलं. ना अपमान केला, ना आपला अकीदा सोडला.

सप्टेंबर १३३३ मध्ये ते सिंधू नदीवर पोहोचले. दिल्लीत सुलतान मुहम्मद बिन तुघलक परदेशी आलिमांना हात सैल सोडून देत होता. इब्ने बतूतांना दिल्लीचं काझीपद मिळालं, वर्षाला १२,००० दिनार पगार. त्यांनी सांगून पाहिलं की मी मालिकी, इथले लोक हनफी, आणि मला इथली भाषा येत नाही. सुलतानाने हाताखाली दोन नायब दिले आणि विषय संपवला. काझी साहेबांनी दिल्लीत न्याय किती केला माहीत नाही, कर्ज मात्र भरपूर केलं. ते ५५,००० दिनारांवर गेलं.

हा सुलतान एका हाताने अशर्फ्या वाटायचा आणि दुसऱ्या हाताने माणसं मारायचा. शेख शिहाबुद्दीन नावाच्या एका बुजुर्गांनी त्याची हाजी-हाजी करायला नकार दिला, त्यांना ठार मारण्यात आलं. इब्ने बतूता त्यांना भेटून आले होते, एवढ्याच कारणावरून त्यांच्यावर पहारा बसला. पाच दिवस फक्त पाण्यावर रोजे धरून, कुराण पढत त्यांनी काढले. सुटल्यावर सगळं वाटून टाकलं आणि फकिरी घेतली. पण सुलतानाने पुन्हा बोलावलं. आता माझा वकील म्हणून चीनला जा.

या वकिलातीचं निमित्तही बघण्यासारखं आहे. चीनच्या बादशहाने नजराणा पाठवून हिमालयाच्या पायथ्याशी, चिनी यात्रेकरू जात त्या ठिकाणी एक मंदिर पुन्हा बांधायची परवानगी मागितली होती. जिझिया दिल्याशिवाय ती मिळणार नाही, असं सुलतानाचं उत्तर. सोबत परतीचा नजराणा : १०० घोडे, १०० गुलाम, नाचगाणं करणाऱ्या १०० दासी. हो, माणसं नजराण्यात जात होती. इब्ने बतूता स्वतः आयुष्यभर दासी विकत घेत राहिले, त्याबद्दल त्यांच्या बोलण्यात खंत दिसत नाही. त्या काळात सगळेच तसं करत, असं म्हणून आम्ही त्यावर पांघरूण घालणार नाही.

१३४२ मध्ये काफिला दिल्लीहून निघाला आणि कोइलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, चकमकीत अडकला. इब्ने बतूता एकटे पडले, पकडले गेले, सुटले, आणि कित्येक दिवस अनवाणी रानात भटकले. शेवटी एक काळासावळा माणूस भेटला, हातात पाण्याचं भांडं. त्याने सलाम केला, पाणी पाजलं, भाजलेले चणे आणि तांदूळ दिले, चालवेना म्हणून खांद्यावर घेतलं. नाव सांगितलं दिलशाद. वजीफा पढता पढता त्यांचा डोळा लागला, जाग आली तर गाव आलेलं आणि दिलशाद गायब. कोण होता, वली होता की साधा गावकरी, ज्याचं त्याने ठरवावं.

पुढे ग्वाल्हेर, मग खजुराहो. तिथल्या मोठ्या तलावाकाठची देवळं त्यांनी पाहिली, मूर्ती आपल्याच लोकांनी फोडलेल्या आहेत हेही न लपवता नोंदवलं. तिथे राहणारे जटाधारी जोगी, उपासांनी पिवळे पडलेले, आणि त्यांच्याकडून काही शिकावं म्हणून त्यांच्या मागे फिरणारे मुसलमान, हेही पाहिलं. मग चंदेरी, धार, उज्जैन. आणि दौलताबाद.

आता जरा इथे थांबू, कारण हे आपलं घर आहे. औरंगाबाद शहर तेव्हा नव्हतंच. मलिक अंबरने खडकी वसवली ती १६१० मध्ये. जे होतं ते दौलताबाद, यादवांची देवगिरी. १३२७ मध्ये तुघलकाने दिल्लीची माणसं इकडे हलवली होती. दिल्लीहून ४० दिवसांची वाट, दोन्ही बाजूंना झाडं, मैलामैलाला टपालाच्या चौक्या, मुसाफिराला लागेल ते सगळं विकत मिळणारं. जणू चाळीस दिवस बागेतून नि बाजारातून चालत जावं, असं वर्णन इब्ने बतूता करतात. सुलतान दौलताबादेत असला की त्याला प्यायला गंगेचं पाणी याच वाटेने यायचं. याच वाटेने एका आंधळ्याला दिल्लीपासून फरफटत आणलं आणि पोहोचला तेव्हा फक्त त्याचा पाय उरला होता, अशी भयंकर कहाणीही ते सांगतात. पण ते हिंदुस्थानात आले त्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट. ऐकीव आहे, आणि इतिहासाचे अभ्यासक तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. एवढं मात्र पक्कं की त्या लोंढ्यात जे सूफी, कारागीर, शिपाई आले, ते पुष्कळसे इथेच राहिले. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) १३३७ मध्ये खुलदाबादेत विसावले. आपल्या घरात आजी-नानी बोलते त्या दखनीची मुळंही त्याच गर्दीत आहेत.

इब्ने बतूतांनी पाहिलेलं दौलताबाद तीन भागांचं होतं. एक सुलतानाचं शहर, दुसरा कटक, म्हणजे छावणीचा भाग, आणि तिसरा किल्ला, ज्याला ते देवगीर म्हणतात. शहर दिल्लीच्या तोडीचं. कारभार कुतलुग खानाकडे, जो सुलतानाचा उस्ताद होता. १३१८ मध्ये बांधलेली जामा मशीद तेव्हा पंचवीसेक वर्षांची होती. आज त्या वास्तूला भारतमाता मंदिर म्हणतात. चांद मिनार मात्र त्यांनी पाहिला नाही, तो पुढच्या शतकातला.

सपाट मैदानात उभा एक खडक, तो चहूबाजूंनी तासलेला, वर गढी, आणि वर जायला चामड्याची शिडी, जी रात्री ओढून घेत. आज आपण मोबाइलचा टॉर्च लावून अंधारीतून वर जातो तेव्हा पोरं वटवाघळांना घाबरून ओरडतात. इब्ने बतूता सांगतात ते उंदरांबद्दल. किल्ल्याच्या खंदकांत बड्या गुन्हेगारांना टाकत आणि तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना भिऊन पळत. मलिक खत्ताब नावाच्या एका अफगाण सरदाराने स्वतःवर गुदरलेलं त्यांना सांगितलं : रात्री उंदीर अंगावर चालून यायचे आणि तो त्यांच्याशी झगडत बसायचा. स्वप्नात कुणीतरी सांगितलं की सूरह इख्लास लाख वेळा पढ. त्याने पढली. दरम्यान शेजारच्या खड्ड्यातला कैदी आजारी पडला आणि उंदरांनी त्याची बोटं, डोळे खाल्ले. ही खबर सुलतानाला गेली आणि खत्ताबला सोडून देण्यात आलं. सहलीला जाणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा, पण रात्री नको.

बाजाराचं वर्णन याहून सुंदर आहे. तरबाबाद, गाणाऱ्यांचा बाजार. दुकानाला मागून दार, ते थेट मालकाच्या घरात उघडायचं. दुकानात गालिचे अंथरलेले, मधोमध पाळण्यासारखा झोका, त्यात नटूनथटून बसलेली गायिका आणि झोका देणाऱ्या दासी. चौकात मोठा घुमट असलेली बैठक. दर गुरुवारी असरनंतर गवयांचा प्रमुख तिथे येऊन बसायचा आणि टोळ्याटोळ्यांनी गाणं-नाच चालायचा, मगरिबपर्यंत. पूर्वीचे हिंदू राजे इकडून जाताना इथे उतरून गाणं ऐकायचे, काही मुसलमान सुलतानही तसंच करायचे. आणि याच बाजारात मशिदी होत्या, रमजानमध्ये तिथे इमाम तरावीह पढवायचे. काझी असलेला हा माणूस हे सगळं एका दमात सांगून जातो. फतवा देत नाही. आम्हाला वाटतं, इथेच तो खरा मुसाफिर आहे. आपल्या मनाला पटेल तेवढंच बघणारा माणूस घरीच बसलेला बरा.

इथले हिंदू व्यापारी जवाहिऱ्यांचा धंदा करत, त्यांना साहू म्हणत, आणि श्रीमंती इतकी की इब्ने बतूतांना इजिप्तचे बडे व्यापारी आठवले. द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, हे त्यांना नवल वाटलं. आपल्या शेतकऱ्याला मृग बहार आणि आंबे बहार सांगायला नको. या भागाचा वसूल एका माणसाने १७ कोटींना मक्त्याने घेतला, भरता आला नाही, तर त्याची कातडी सोलण्यात आली. द्राक्षं आणि कातडी, दोन्ही एकाच शहराच्या वर्णनात. इथल्या लोकांना ते मराठे म्हणतात. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा जवळपास तीनशे वर्षं अवकाश होता. मराठा बायकांची नाकं आणि भुवया सुंदर असल्याचंही ते आवर्जून सांगतात. काझी साहेबांची नजर तिकडे जरा जास्तच जायची, बरं का. आणि इतकं सगळं पाहणाऱ्या या माणसाच्या दौलताबादच्या वर्णनात हाकेच्या अंतरावरच्या वेरूळचा पत्ता नाही. दाखवणारं कुणी भेटलं नसेल, नाहीतर सरकारी काफिल्याच्या घाईत राहून गेलं असेल.

तिथून नंदुरबार. छोटं गाव, वस्ती मराठ्यांची. कारागिरीत हुशार, हकिमी आणि ज्योतिष जाणणारे लोक. जेवण भात, भाज्या, तिळाचं तेल. जीव दुखवायचा नाही, जेवणाआधी आंघोळ, सात पिढ्यांच्या आत सोयरीक नाही, दारूला हात नाही. त्यांची जेवणाआधीची आंघोळ त्यांनी आपल्या गुस्लच्या शब्दांत समजावून दिली. दुसऱ्याची रीत आपल्या माणसाला समजेल अशी सांगायची, हे आज किती जणांना जमतं?

पुढे खंबायत, गोवा, होनावर, कोझिकोडे. तिथे चीनला जाणारी जहाजं उभी होती. सामान चढलं, नजराणा चढला. जुम्मा पढून मग जहाजावर जायचं म्हणून ते किनाऱ्यावर राहिले. रात्री समुद्र खवळला, नजराण्याचं जहाज फुटलं, साथीदार बुडाले. दुसरं जहाज त्यांचं सामान आणि गरोदर दासी घेऊन निघून गेलं. हातात दहा दिनार आणि बसायचा गालिचा. दिल्लीला परत जाऊन तुघलकाला काय सांगणार? ते गेलेच नाहीत.

मालदीवमध्ये ते काझी झाले, तिथल्या बायकांनी अंगभर कपडे घालावेत म्हणून हुकूम काढले, कुणी ऐकलं नाही. श्रीलंकेत आदमच्या पाऊलखुणेच्या डोंगरावर गेले तेव्हा सोबत राजाने दिलेले चार जोगी आणि ब्राह्मण होते. दिनावरचं विशाल देऊळ पाहिलं, तिथली माणसाएवढी सोन्याची मूर्ती आणि डोळ्यांच्या जागी दोन माणकं. मग बंगाल, सुमात्रा, चीन. चीनमध्ये ते नेमके किती आत गेले, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. दमास्कस आणि मक्केची काही वर्णनं जुन्या प्रवासी इब्ने जुबैरच्या किताबातून घेतलेली आहेत, हेही खरं.

१३४८ मध्ये ते दमास्कसला परतले. तरुणपणी तिथे एका बीबीला गरोदर सोडून गेले होते. मुलगा झाल्याचं हिंदुस्थानात असताना कळलं, तेव्हा मुलाच्या आजोबांना सोन्याचे ४० दिनार पाठवले होते. आता सगळ्यात आधी त्याचीच चौकशी केली. तो बारा वर्षांपूर्वीच गेलेला. वडील जाऊन पंधरा वर्षं झालेली. आई मात्र आहे, असं गावच्या माणसाने सांगितलं. शहरात ताऊन पसरला होता. दमास्कसच्या लोकांनी तीन दिवस रोजे धरले आणि मग मुसलमान कुराण घेऊन, यहुदी तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन, बायका-मुलांसह एकत्र दुआ मागायला निघाले, हे त्यांनी पाहिलं.

ते घराच्या ओढीने निघाले. नोव्हेंबर १३४९ मध्ये मोरोक्कोतल्या ताझा गावी पोहोचले तेव्हा कळलं, त्याच साथीत आई गेली. काही महिन्यांचा फरक पडला. तंजाला जाऊन त्यांनी तिच्या कबरीची जियारत केली. ज्या घरातून पाय निघत नव्हता, त्या घरात आता भेटायला कुणी नव्हतं. आज व्हिडिओ कॉल आहे, विमान आहे. तरी आखातात असताना ज्यांच्या घरी मैयत झाली आणि मातीला पोहोचता आलं नाही, अशी माणसं आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत. त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

त्यानंतरही स्पेन झालं, १३५२ मध्ये वाळवंट ओलांडून माली झालं. मग फेजच्या सुलतानाने, अबू इनानने, आता बसा आणि सांगा, असा हुकूम केला. ग्रॅनाडाचा इब्ने जुझै हा लेखक लिहून घ्यायला दिला. डिसेंबर १३५५ मध्ये किताब पूर्ण झाला, तोच रिहला. एकूण प्रवास अंदाजे १ लाख १७ हजार किलोमीटर भरतो. पाहिलेलं सगळं आठवणीतून सांगितलं, म्हणून तारखा इकडच्या तिकडे झाल्या आहेत. तरी चौदाव्या शतकातलं दौलताबाद डोळ्यांपुढे उभं करणारं असं दुसरं वर्णन सहजी सापडणार नाही.

उरलेलं आयुष्य त्यांनी मोरोक्कोतल्या एका गावात काझी म्हणून काढलं, म्हणजे बापजाद्यांनी ठरवलेलं तेच काम. १३६८-६९ च्या सुमारास त्यांचं निधन झालं. तंजाच्या जुन्या वस्तीत एका अरुंद गल्लीत त्यांची म्हणून एक छोटी मजार दाखवतात, ती खरोखर त्यांचीच आहे की नाही, यावर एकमत नाही. शहराच्या विमानतळाला मात्र त्यांचं नाव दिलेलं आहे.